मंगलोरी कौलांचे छप्पर: आधी कौले, मग वासे

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला पाटण, जावळी आणि महाबळेश्वर या तालुक्यांत, तसेच सांगलीच्या शिराळ्यात चांदोलीच्या बाजूला, पावसाचा जोर इतका असतो की उतरत्या छपराला पर्याय शोधण्याची इच्छा फारशी कोणाला होत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच पट्ट्यातून पूर्वेला उतरत जत-आटपाडीपर्यंत गेले की तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो; म्हणून तिकडे मातीचे धाबे, म्हणजे सपाट छप्पर, पिढ्यान्‌पिढ्या टिकले आणि इकडे कौले आली. उत्तरेत हिमाचलाच्या कांगड्याकडे पाटीच्या दगडाचे पातळ तक्ते छपरावर घालतात, परंतु आपल्या डोंगरांतला काळा पाषाण पाटीसारखा पापुद्र्यांनी सुटत नाही, त्यामुळे सह्याद्रीच्या या बाजूला भाजलेल्या मातीवरच भिस्त ठेवावी लागली. बाझेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर एकमेकांत अडकणारी जी सपाट कौले देशभर पसरली, तीच आपण मंगलोरी कौले म्हणून ओळखतो. आज ती कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावरून येतात, तशीच गुजरातेतल्या मोरबीहूनही येतात.

हा लेख नवे छप्पर घालणाऱ्या किंवा जुने उतरवून पुन्हा घालणाऱ्या घरमालकासाठी आहे. सुतार आणि गवंडी आपापले काम जाणतातच; मात्र सामान कोणत्या क्रमाने आणायचे हे बहुधा मालक ठरवतो आणि तिथेच छपराचे नशीब ठरते. प्रचलित क्रम असा असतो की आधी लाकूड किंवा लोखंडी पाइप येतात, सांगाडा उभा राहतो, रिपा, म्हणजे कौले अडकवण्याच्या आडव्या पट्ट्या, ठोकल्या जातात आणि मे महिन्याच्या अखेरीस घाईघाईने कौलांचा ट्रक येतो. मग रिपांचे अंतर आणि कौलांचे माप जुळत नाही, वरची रांग अर्धी पडते, आणि ती अर्धी कौले सिमेंटात दाबून वेळ मारून नेली जाते. हा क्रम उलटा करावा, म्हणजे कौले सर्वांत आधी अंगणात यावीत आणि वाशांची, म्हणजे रिपांखालच्या उतरत्या लाकडांची, लांबी कौलांवरून ठरावी.

कौलांची निवड

बाजारात साधारण 410 मिलिमीटर लांब आणि 235 मिलिमीटर रुंद हे माप सर्वाधिक मिळते, आणि यापेक्षा थोडी मोठी मापेही असतात. एका कौलाचे वजन अडीच किलोच्या आगेमागे असते. लांबीत सुमारे 9 सेंटिमीटर आणि रुंदीत सुमारे अडीच सेंटिमीटर भाग शेजारच्या कौलाखाली किंवा कौलावर जातो, त्यामुळे प्रत्यक्षात एक कौल 32 बाय 21 सेंटिमीटर एवढीच जागा झाकते. यावरून चौरस मीटरला 15 कौले, किंवा 100 चौरस फुटांच्या ब्रासला सुमारे 140 कौले असा ढोबळ हिशेब निघतो. तुटफूट धरून लोक 150 मोजतात.

दुकानदाराने हातात दिलेल्या एका नमुन्यावर विसंबू नये. ढिगाच्या मधून दहा-बारा कौले आपल्या हाताने काढून घ्यावीत आणि प्रत्येक कौल एका हाताने लोंबते धरून दुसऱ्या हातातल्या छोट्या हातोडीने हलकेच वाजवावे. नीट भाजलेले कौल खणखणीत वाजते, तर तडा गेलेले किंवा कच्चे कौल बद्द आवाज करते. त्यानंतर ते सपाट फरशीवर पालथे ठेवून चारही कोपरे दाबून पाहावेत. भाजताना पिळलेले कौल डुगडुगते, आणि असे कौल रांगेत बसवले की त्याच्या शेजारच्या दोन्ही सांधी उघड्या राहतात. रंगावर मात्र फार भरवसा ठेवू नये, कारण वरून लाल रंग फासलेली कौलेही विकली जातात आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत तो रंग पन्हळातून वाहून जातो.

खरी परीक्षा पाण्याची असते. दोन-तीन कोरडी कौले वजन करून चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावीत, बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसावीत आणि पुन्हा वजन करावे. अडीच किलोचे कौल तीन किलो भरले, तर त्याने स्वतःच्या वजनाच्या वीस टक्के पाणी प्यायले असा त्याचा अर्थ होतो, आणि त्याहून अधिक पिणारे कौल जोरदार पावसाच्या गावाला घेऊ नये. दुसरी परीक्षा अशी की कौलाच्या कडांना ओल्या मातीचा किंवा मेणाचा बांध घालून वर पाण्याचा पातळ थर उभा करावा आणि कौल दोन विटांवर ठेवून सहा तासांनी त्याच्या पाठीकडे पाहावे. पाठ किंचित ओलसर झाली तर चालते, परंतु तिथे थेंब धरला असेल तर तो माल परत पाठवावा. ज्याला माल परत घ्यायचा नाही असा विक्रेता ही परीक्षा ऐकूनच कुरकुरतो. त्यावरून काय समजायचे ते समजावे.

जुनी कौले पुन्हा वापरण्यास हरकत नाही, आणि शंभर वर्षांपूर्वीची कित्येक कौले आजच्या कौलांपेक्षा सरस असतात. मात्र ती उतरवताना पाठ पाहावी. बहुतेक कौलांच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो. वेगवेगळ्या छापांची कौले वरवर सारखी दिसली, तरी त्यांच्या खाचा दोन-चार मिलिमीटरने चुकतात आणि रांग सरकत सरकत तिरकी होते. छापांप्रमाणे ढीग वेगळे करावेत आणि एका पाख्यावर, म्हणजे छपराच्या एका उतरत्या बाजूवर, एकच छाप घालावा. उरलेले मिश्र ढीग गोठ्याला, लाकडाच्या खोपीला किंवा पडवीला वापरावेत. शेवाळ काढताना तारेचा ब्रश जोराने घासू नये, कारण त्याने वरचा भाजलेला पापुद्रा जातो. कडक काथ्याचा ब्रश आणि पाणी पुरेसे होते.

आणलेली कौले आडवी रचू नयेत. ती कडेवर उभी करून, भिंतीला किंचित टेकवून, एका थरावर दुसरा असे फार तर चार-पाच थर लावावेत आणि खाली फळी किंवा वाळू टाकावी.

मापे कशी काढावीत

आता ज्या कामासाठी कौले आधी आणली ते करावे. सपाट जमिनीवर अकरा कौले एका रेषेत पालथी घालावीत, म्हणजे रिपेत अडकणारे त्यांच्या पाठीवरचे कान वर येतील. ती एकमेकांत अडकवून आधी सगळी दाबून जवळ आणावीत आणि पहिल्या कौलाच्या कानापासून अकराव्या कौलाच्या कानापर्यंत टेप लावावी. हे दहा अंतरांचे माप झाले. मग खाचा सुटणार नाहीत इतपत ती ताणून पुन्हा मोजावे. समजा दाबलेले माप 3 मीटर 12 सेंटिमीटर आणि ताणलेले 3 मीटर 28 सेंटिमीटर आले, तर मधले माप 3 मीटर 20 सेंटिमीटर, म्हणजे रिपांचे मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर 32 सेंटिमीटर. पावसाच्या पट्ट्यात मध्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर दाबलेल्या बाजूला राहिलेले बरे. अशीच अकरा कौले आडव्या रांगेत जोडून रुंदीचे मापही काढावे. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि सबंध छपरात याच्याइतके किफायतशीर दुसरे काही नाही.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. घर 20 फूट रुंद आणि 30 फूट लांब आहे, दोन्ही बाजूंना वळचण, म्हणजे भिंतीबाहेरची छपराची खालची कड, 2 फूट बाहेर काढायची आहे, आणि टोकाच्या त्रिकोणी भिंतींच्या पलीकडे छप्पर एकेक फूट न्यायचे आहे. आडव्या 10 फुटांना 6 फूट उंची हा उतार धरला, म्हणजे कोन 31 अंशांच्या जवळ येतो. मंगलोरी कौलांना 26 अंशांपेक्षा कमी उतार देऊ नये, आणि घाटाच्या तोंडावरच्या गावांत तर 30 अंशांच्या खाली येऊच नये, कारण वाऱ्याबरोबर येणारे पाणी मंद उतारावर खाचांतून मागे सरकते. आढ्यापासून, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या तुळईपासून, वळचणीच्या टोकापर्यंत आडवे अंतर 12 फूट असल्याने पाख्याची तिरकी लांबी 14 फूट, म्हणजे 427 सेंटिमीटर येते.

तेरा रांगा घातल्या, तर बारा अंतरे 32 सेंटिमीटरची आणि शेवटचे पूर्ण कौल 41 सेंटिमीटरचे मिळून 425 सेंटिमीटर होतात. खालचे कौल पन्हळावर 5 सेंटिमीटर पुढे यायला हवे आणि आढ्यापाशी 4 सेंटिमीटर मोकळे राहायला हवे, तेव्हा वाशाची लांबी 424 सेंटिमीटर झाली. म्हणजे वासे अवघे 3 सेंटिमीटर आखूड कापले की एकही कौल न तोडता पाखे भरते. हेच वासे आधी 14 फुटांनी कापून बसवले असते, तर ते तीन सेंटिमीटर भरून काढायला रिपांची अंतरे ताणावी लागली असती. लांबीतही तसेच करावे: 32 फूट म्हणजे 975 सेंटिमीटर, त्यात 21 सेंटिमीटरची 46 कौले बसतात आणि थोडे उरते, म्हणून टोकांची बाहेर काढलेली लांबी दोन्हीकडे दीड-दीड इंच कमी करून छप्पर 31 फूट 9 इंचांचे करावे.

यावरून मागणी ठरते. एका पाख्याला 46 गुणिले 13, म्हणजे 598, आणि दोन्ही पाख्यांना 1196 कौले लागतात. तुटफूट आणि पुढच्या दुरुस्त्या धरून 1300 मागवावीत. आढ्याची कौले एकावर एक चढून प्रत्येकी सुमारे 35 सेंटिमीटर झाकतात, तेव्हा 28 लागतात आणि 32 घ्यावीत. प्रत्येक खोलीला एक काचेचे कौल घ्यावे आणि तेही त्याच मापाचे आहे का हे दुकानातच जोडून पाहावे.

वजनाचा अंदाजही इथेच घ्यावा. कौल 2.6 किलोचे धरले तर कोरडे छप्पर तीन टनांच्या थोडे वर जाते, आणि आषाढात भिजलेल्या कौलांनी त्यात चारपाचशे किलोंची भर पडते. पत्र्याच्या छपराचा सांगाडा तसाच ठेवून वर कौले घालण्याचा मोह अनेकांना होतो. हा आकडा पाहिल्यावर तो आवरावा.

लाकूड, लोखंड आणि खिळे

सागवान परवडत असेल तर प्रश्नच नाही. त्याखालोखाल ऐन आणि किंजळ ही आपल्या पट्ट्यातली खात्रीची लाकडे आहेत. स्वतःच्या रानातले झाड असले, तरी महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड कायद्यानुसार ठरावीक जातींच्या तोडीला परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतुकीचा पासही लागतो, म्हणून वनखात्याचे कागद होळीच्या आधीच हाती घ्यावेत. तोडलेले लाकूड निदान एक उन्हाळा सावलीत, खाली हवा खेळेल असे रचून सुकवावे. ओल्या लाकडाच्या रिपा पहिल्याच वर्षी पिळतात आणि त्यांच्यावरची कौले आपोआप वर उचलली जातात.

वरच्या घरासाठी 4 बाय 2 इंचांचे वासे दीड फुटाच्या अंतराने, म्हणजे प्रत्येक पाख्याला 23, असे दोन्हीकडचे 46 लागतील. चौदा फुटांचा वासा मध्ये आधार न देता सोडू नये. आढे आणि भिंत यांच्या मधोमध कैचीवर, म्हणजे छपराच्या त्रिकोणी सांगाड्यावर, टेकलेली आडवी तुळई घालावी. रिपा 2 बाय 1 इंचाच्या पुरतात. तेरा रिपा आणि वळचणीची एक जादा पट्टी मिळून एका पाख्याला 14 ओळी होतात, आणि दोन्ही पाख्यांना कापाकापी धरून साडेनऊशे फूट रीप लागते. घेताना प्रत्येक रीप डोळ्याशी धरून तिच्या कडेवरून टोकाकडे पाहावे आणि गाठ मधोमध असलेली रीप बाजूला काढावी. माणूस वर चढला की ती तिथेच मोडते.

भिंतीत जाणारी लाकडाची टोके ही वाळवीची पहिली वाट असते. त्या टोकांना डांबर फासावे आणि भिंतीत त्यांच्याभोवती बोटभर मोकळी जागा ठेवावी, कारण चुन्यासिमेंटात घट्ट चिणलेले टोक श्वास घेत नाही आणि आतून कुजते. कोकणाला लागून असलेल्या गावांत काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावण्याची रीत आहे आणि ती चांगली आहे. हातमोजे घालूनच ते लावावे, कारण ते कातडीला भाजते.

लाकूड महाग झाल्याने आता लोखंडी चौकोनी पाइपांचे सांगाडे सर्रास होतात. त्यात वाईट काही नाही, परंतु पाइपच्या पत्र्याची जाडी दोन मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि पाइपची उघडी तोंडे वेल्डिंगने बंद करून घ्यावीत, नाहीतर आत साचलेला दमटपणा पाइप आतून खातो आणि बाहेरचा रंग मात्र नवा दिसत राहतो. वेल्डिंगचा प्रत्येक सांधा घासून त्यावर लाल प्रायमरचे दोन हात द्यावेत. हे काम जमिनीवर असतानाच करावे, कारण पाइप वर गेल्यावर त्याच्या खालच्या बाजूला ब्रश कोणी लावत नाही.

खिळे जस्ताचा मुलामा असलेले घ्यावेत. एक इंच जाडीच्या रिपेला अडीच इंची खिळा लागतो, तर वासे आढ्याला आणि भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडी पट्टीला जोडायला चार ते पाच इंची. ऐनासारख्या कठीण लाकडात आधी बारीक छिद्र पाडल्याशिवाय खिळा ठोकू नये. रिपेचे टोक फाटते. कौले बांधण्यासाठी 18 गेजची जस्ताची तार घ्यावी. कौलाच्या पाठीला एक छोटे भोक असते ते याच तारेसाठी. वळचणीच्या पहिल्या दोन रांगा, टोकांची एकेक ओळ आणि आढ्यालगतची रांग तारेने रिपेला बांधावी, कारण वळवाच्या वादळात वारा खालून शिरतो तो याच कडांमधून. उतार 35 अंशांच्या पुढे असेल तर सगळीच कौले बांधावीत. महाबळेश्वर-पाचगणीकडे माकडांचा वावर असतो तिथे तर उताराचा विचारही न करता सगळी बांधावीत.

पाटण तालुक्यात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झालेल्या कोयनेच्या भूकंपात कोयनानगर आणि भोवतालच्या गावांतील घरे ढासळली, आणि तेव्हापासून त्या भागाला लहान धक्के नवे राहिलेले नाहीत. जड छप्पर नुसते भिंतीवर ठेवलेले असेल, तर धक्क्यात छप्पर एका दिशेला आणि भिंत दुसऱ्या दिशेला जाते. म्हणून भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी सलग सळईचा काँक्रीटचा पट्टा घालावा, त्यातच बोल्ट सोडून ठेवावेत आणि माथ्यावरची लाकडी पट्टी त्या बोल्टांनी आवळावी. कैच्यांना एकमेकींशी जोडणारे तिरके आडवे बांध द्यावेत. बोल्ट ओतकामाच्या दिवशी हवेत. मागाहून भोके पाडून बसवलेल्या बोल्टांना ती पकड येत नाही.

हत्यारे

सुताराकडे करवत, वाकस, पटाशी, किकरे, गिरमिट, गुण्या आणि हातोडा असतातच. घरमालकाने ज्या वस्तूंची चौकशी आधी करावी त्या वेगळ्या आहेत. दोन टोकांची पातळी जुळवण्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, ओळंबा, किमान पंधरा मीटरची टेप आणि गेरूत बुडवलेली आखणीची दोरी या चार वस्तूंवर छपराची सरळता अवलंबून असते. पाण्याच्या नळीत बुडबुडा राहिला तर ती खोटे सांगते, म्हणून वापरण्याआधी दोन्ही तोंडे शेजारी धरून पाणी समपातळीत येते का हे पाहून घ्यावे.

रिपांसाठी प्रत्येक वेळी टेप लावण्यापेक्षा एक मापाचा ठोकळा बनवावा. रिपांच्या मध्यांतले अंतर 32 सेंटिमीटर आणि रीप 5 सेंटिमीटर रुंद असेल, तर दोन रिपांमधली मोकळी जागा 27 सेंटिमीटर राहते; तेवढ्याच लांबीचे लाकडाचे दोन तुकडे काटेकोर कापून पाख्याच्या दोन टोकांना एकेक माणूस एकेक तुकडा घेऊन बसवावा. दर चौथ्या रिपेला मात्र टेपने आढ्यापासूनचे अंतर तपासावे, कारण ठोकळ्यातली एका मिलिमीटरची चूक तेराव्या रिपेपर्यंत सव्वा सेंटिमीटर होते.

कौल कापण्यासाठी डायमंड ब्लेड लावलेला हातातला ग्राइंडर लागतो. कापताना कौल आधी भिजवावे, कापणाऱ्याने चष्मा आणि धुळीचा चांगला मास्क लावावा, आणि हे काम छपरावर बसून करू नये. भाजलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही; तोंडाला बांधलेला पंचा तिला अडवत नाही. यांखेरीज तार पिळायला पक्कड, जुनी कौले उचलायला कटावणी, सिमेंट-वाळूच्या मसाल्यासाठी घमेले आणि थापी लागते.

चढण्याच्या साधनांवर सर्वाधिक काटकसर केली जाते. वळचणीला बांबूची परांची सबंध लांबीभर बांधावी. पाख्यावर वावरण्यासाठी वरच्या टोकाला आकडा असलेली, आढ्यावर अडकणारी शिडी सुताराकडून करून घ्यावी, म्हणजे वजन कौलांवर न येता वाशांवर पसरते. आढ्याला दोर बांधून त्याला कमरेचा पट्टा अडकवल्याशिवाय कोणालाही वर जाऊ देऊ नये, मग तो कितीही जुना कारागीर असो.

घालण्याचा क्रम

कामाचा मुहूर्त एप्रिलचा धरावा. मृग 7 जूनच्या सुमारास लागतो, पण वळीव मेमध्ये कधीही येतो आणि अर्धवट छप्पर त्याच्या तावडीत सापडते.

वळचणीची पहिली पट्टी बाकीच्या रिपांपेक्षा एका कौलाच्या जाडीइतकी, म्हणजे सुमारे एक इंच, उंच हवी. वरच्या प्रत्येक रांगेला खालच्या रांगेचा टेकू असतो, पण पहिल्या रांगेखाली काहीच नसते, त्यामुळे ही पट्टी सपाट राहिली तर पहिले कौल नाक खाली घालून बसते, त्याची वरची सांध उघडते आणि गळती नेमकी भिंतीवर उतरते. छप्पर नवे असूनही भिंतीच्या माथ्यावर ओल दिसत असेल, तर सर्वांत आधी इथे पाहावे.

कौले वर चढवताना माणसांची साखळी करावी आणि दोन्ही पाख्यांवर सारखी वाटत न्यावीत. एकाच बाजूला हजार किलो चढले तर कैच्या कलंडतात. गेरूच्या दोरीने वळचणीपासून आढ्यापर्यंत दर पाचव्या कौलाला उभी रेघ मारावी आणि वळचणीकडून सुरुवात करून वर जावे. खाच ज्या बाजूला असेल त्यावरून डावीकडून की उजवीकडून हे ठरते, आणि प्रत्येक कौल बसल्यावर त्याचा कान रिपेमागे गेला की नाही हे हाताने ओढून पाहावे.

दोन पाखी आतल्या बाजूला जिथे मिळतात, त्या घळीत सगळ्या छपराचे पाणी एकवटते. तिथे 24 गेजचा, निदान दोन फूट रुंद जस्ताचा पत्रा घालून त्याच्या दोन्ही कडा वर वळवाव्यात, आणि कौले पत्र्यावर चार इंच येतील अशी तिरकी कापावीत. त्या कापलेल्या कडेला सिमेंटाने बुजवू नये. वाहून आलेला पाला तिथे अडकतो आणि पाणी पत्र्याच्या कडेवरून आत जाते. नवे घर बांधणाऱ्याला घळ टाळता येत असेल, तर आराखड्यातच टाळावी.

आढ्याच्या कौलांसाठी एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू असा मऊ मसाला घ्यावा. निव्वळ सिमेंटाचा कडक मसाला उन्हापावसात कौलाबरोबर हलत नाही, म्हणून दोन-तीन वर्षांत सुटतो आणि सुटताना कौलाची कडही तोडतो. कौले बसवण्याआधी पाण्यात भिजवावीत, मसाला फक्त दोन्ही कडांखाली द्यावा, मधली पोकळी भरू नये, आणि हे कौल खालच्या रांगेवर किमान तीन इंच यावे. मसाल्यात गेरू मिसळला की जोड दिसत नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे.

हल्ली काँक्रीटच्या उतरत्या स्लॅबवर शोभेसाठी कौले घालण्याची टूम निघाली आहे आणि त्यात ती थेट मसाल्यात चिकटवली जातात. माझ्या मते हा पैशांचा अपव्यय आहे, कारण कौलाखाली शिरलेले पाणी बाहेर पडायला जागाच उरत नाही आणि ते स्लॅबमध्येच मुरते. स्लॅबवर कौले घालायचीच असतील, तर आधी वाशांच्या दिशेने उभ्या पट्ट्या आणि त्यांवर आडव्या रिपा ठोकून कौलांखाली पाण्याला उतरायला मोकळी वाट ठेवावी.

पन्हळ शेवटी बसवावा आणि त्याला दर दहा फुटांना इंच-सव्वा इंच उतार द्यावा. पहिला वळीव झाला की घरातले दिवे बंद करून भर दुपारी आतून छपराकडे पाहावे. जिथे उजेडाची चीर दिसते तिथले कौल सरकलेले असते आणि ते आतूनच ढकलून जागेवर आणता येते. रिपेवर ओलीचा डाग दिसला, तर पाणी त्या जागी शिरलेले नसून वरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत शिरलेले असते, कारण ते कौलाच्या पाठीवरून ओघळत खालच्या रिपेपर्यंत येते. शोध तिथपासून आढ्याकडे घ्यावा. उरलेली शंभरेक कौले विकून टाकू नयेत. ती पडवीच्या कोपऱ्यात कडेवर उभी करून ठेवावीत, कारण कारखान्याने साचा बदलला की त्याच छापाचे कौल पुन्हा बाजारात मिळत नाही.